दोनशे अकरा कणसं

आर्डिस टॉलेफ्सनला ज्याची किळस येत नाही अशी वस्तू शोधायला कुणी गावात निघालं असतं, तर त्याला संध्याकाळ झाली असती. साखरेच्या डब्यात कुणी ओला चमचा बुडवला की तिच्या मानेवर काटा यायचा. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी बशीत सांडलेली कॉफी परत कपात ओतून पिणारे दोन-तीन म्हातारे होते. त्यांच्याकडं ती कायम पाठ करून बसायची. पुढच्या बाकावरच्या बाईनं बोट ओलं करून भजनाच्या पुस्तकाचं पान उलटलं, तर आर्डिस ते पुस्तक नंतर स्वतः पुसायची आणि पुसलेलं फडकं घरी नेऊन उकळायची. तिचा नवरा ऑर्व्हिल नाक शिंकरायला धान्याच्या कोठारामागं जायचा, बाहेर कितीही बर्फ असलं तरी. "चाळीस वर्षांच्या संसारात हिनं माझं शिंकरणं ऐकलेलं नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुण्यांना कळायचं नाही की हे कौतुक आहे का तक्रार.

आणि याच बाईनं आपले पंचवीस उन्हाळे घालवले ते उत्तरेच्या थंड मुलखात, रेड नदीच्या काठच्या मका संशोधन केंद्रात, जगातल्या सगळ्यात चिकट कामात.

मक्याचा संकर हातानं करायचा म्हणजे काय, हे दुरून पाहणाऱ्याला मोठं साधं वाटतं. जुलै अखेरीला तुरे बाहेर पडले की तुऱ्यावर कागदी पिशवी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळल्यावर ती पिशवी झटकायची, आतला पिवळा धुरळा गोळा करायचा, आणि दुसऱ्या ताटाच्या कणसाचे केस उघडे करून त्यावर शिंपडायचा. मग त्या कणसावर पिशवी, पिशवीवर आई-बापाचे क्रमांक. झालं. पण जवळून पाहावं तर तो धुरळा घामाला चिकटून गळ्यात, कोपराच्या घडीत, पापण्यांत जाऊन बसलेला असतो. पात्यांच्या कडा हात कापतात. तुऱ्यात मावा पडला की सगळा चिकटा झालेला असतो, आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी, आणि बुरशीवर माश्या. काणी पडलेलं कणीस तर विचारूच नये. राखाडी, टम्म फुगलेली गाठ दिसायला एखाद्या आजारी जनावराच्या कासेसारखी. हात लागला की फुटते आणि आतून काळं पाणी मनगटावरून बाहीत शिरतं.

पहिल्याच उन्हाळ्यात आर्डिसनं एक ताट सोडलं होतं. केंद्राचे तेव्हाचे प्रमुख डॉक्टर ब्रेके मागून ओळ तपासत आले. उंच, वाकलेला माणूस, टोपी नेहमी मागं सरकलेली.

"एकोणिसावं का सोडलंस?"

"मावा आहे. सगळं लिबलिबीत झालंय. शी!"

"शी म्हण की. मोठ्यानं म्हण. पण पिशवी घाल."

"डॉक्टर, शेजारी इतकी चांगली ताटं आहेत..."

"तुला चांगली वाटतात," ब्रेके म्हणाले. "तुझ्या किळसेवर निवड सोपवली तर वीस वर्षांनी आपल्याकडं फक्त आर्डिस टॉलेफ्सनला आवडणारा मका उरेल. थंडीला, किडीला, दुष्काळाला तुझी आवड कोण सांगणार?"

तिनं पिशवी घातली. घालताना मोठ्यानं "शी" म्हणाली. तेव्हापासून ती रीतच पडून गेली. मक्याच्या उंच ओळींत माणूस दिसत नाही, पण तिचं "शी... शी..." ऐकू यायचं, आणि सुट्टीत कामाला येणाऱ्या कॉलेजच्या मुली त्यावरून ती कुठवर पोचली ते ओळखायच्या. ती खरोखर किळसायची. पंचवीस वर्षांत तिला कशाची सवय म्हणून झाली नाही. पण तिच्या वहीत एकही ताट सुटलेलं नव्हतं.

ज्या मक्याची ही सगळी उस्तवार चालायची, त्याला कागदावर एक लांबलचक क्रमांक होता. कामावरची माणसं त्याला 'हॉटडिश' म्हणायची. त्या भागात घरात उरलंसुरलं जे असेल ते एका खोलगट भांड्यात घालून भट्टीत भाजतात आणि रविवारी चर्चमध्ये नेतात, ते हॉटडिश. ब्रेकेंनी तसंच केलं होतं. डोंगरातला, समुद्रकाठचा, उष्ण देशातला, निळा, पिवळा, पांढरा, टणक, पिठूळ, असा चौसष्ट ठिकाणांचा मका त्यांनी इथल्या लवकर येणाऱ्या मक्याशी मिसळला. कारण उघड होतं. आजूबाजूच्या शेकडो मैलांत जो मका उभा होता तो सगळा एकमेकांचा चुलतभाऊ. एकाला रोग झाला की सगळ्यांना.

पण उष्ण देशातल्या मक्याला इकडचा उन्हाळा समजेना. इकडं जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड. त्या बिचाऱ्या ताटांना वाटायचं, दिवस अजून मोठेच आहेत, फुलायची घाई काय! ती बारा-बारा फूट वाढायची, आणि तुरा निघेपर्यंत पहिला कडाका पडून काळी ठिक्कर व्हायची. मग ब्रेके त्यातली जी चार-दोन आधी फुलायची तेवढ्यांचा आपसात संकर करायचे. पुढल्या साली पुन्हा तेच. ठरलेल्या तारखेआधी फुललं की ते ताट घ्यायचं. मग ते वाकडं असो, बुटकं असो, मावा पडलेलं असो. आणि हंगाम संपला की प्रत्येक कणसाचे मोजून वीस दाणे. भरलेल्या कणसाचे वीस, किडक्याचेही वीस. असे सगळे एकत्र करून पुढल्या वर्षीचं बी. पंचवीस वर्षांनी हॉटडिश ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फुलायला लागला, आणि आत चौसष्ट घरची रक्तं शाबूत.

दिसायला मात्र तो भयंकर होता. खळ्यावर ओतला की वाटायचं, कुणाच्या तरी तोंडातले वेडेवाकडे दातच ओतलेत.

ही पंचवीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच ब्रेके निवृत्त झाले आणि दोन हिवाळ्यांत वारले. त्यांच्या जागी डॉक्टर कर्टिस व्हेलन आले. वय बत्तीस, नखं स्वच्छ, बोलणं मऊ. आर्डिसला पहिल्या भेटीत ते आवडले होते. शिंकताना रुमाल काढणारा पुरुष तिनं फार दिवसांनी पाहिला होता. पण ते दक्षिणेकडच्या, खऱ्या मक्याच्या मुलखातले. तिकडं अजून जत्रेत दहा कणसांची स्पर्धा भरते. एकसारखी दहा कणसं मखमलीवर मांडायची. ओळी सरळ हव्यात, टोकापर्यंत दाणा हवा, दहाही एकाच साच्यातून काढल्यासारखी हवीत. व्हेलनच्या आजोबांची, वडिलांची आणि त्यांची स्वतःची अशी पदकं कचेरीच्या भिंतीवर होती.

ती पदकं पाहून आर्डिसनं मान फिरवली, आणि का ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिचे वडील पामर एंगेन यांनाही हा नाद होता. ती नऊ वर्षांची असताना ते तिला तळघरात बसवायचे आणि कणसाच्या ओळीत जिथं दाणा नसेल तिथं दुसऱ्या कणसाचा दाणा सरसानं चिकटवायला लावायचे, तिची बोटं बारीक म्हणून. खुरांपासून उकळलेल्या त्या सरसाचा वास तिच्या नखांत आठवडाभर राहायचा. वडिलांना पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच देखण्या कणसांचं बी पेरून पुढची तीन वर्षं त्यांचं शेत निम्मंही पिकलं नाही, आणि तरी वडील पाहुण्यांना फीत दाखवायचे. तेव्हापासून तिला सरळ ओळींचं कणीस पाहिलं की सरसाचाच वास यायचा.

आता एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑक्टोबरात काय झालं ते.

दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या शीतगृहाचं यंत्र ऐन उन्हाळ्यात बंद पडलं आणि राखून ठेवलेलं हॉटडिशचं जुनं बी उबून मेलं. जे थोडं उगवणारं उरलं होतं ते यंदा सगळं पेरलं. म्हणजे यंदा काढलेली चारशे कणसं हाच आता हॉटडिश. दुसरीकडं कुठं एक दाणा नव्हता. आर्डिसनं बुधवारी ती चारशे मोजून, वाळवून, लांब टेबलांवर क्रमानं मांडली. प्रत्येकाला त्याची पिशवी टाचलेली. सोमवारी दाणे मोजायला बसायचं ठरलं. गुरुवारपासून तीन दिवस ती नव्हती, कारण चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं आणि त्याची जबाबदारी दरवर्षी तिच्याकडं. खारात भिजवून भिजवून जेली झालेला तो मासा पाचशे माणसांना वाढायचा म्हणजे तिच्या मते नरकाची तालीमच होती, पण आईपासून चालत आलेलं काम. नाही म्हणता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी ती आली तर टेबलं रिकामी. फरशी झाडलेली. कोपऱ्यात हिरव्या कापडावर दाणे काढून घेतलेली चाळीस कणसं नुसती नावाला मांडलेली आणि शेजारी दाण्यांची एक पिशवी.

व्हेलन कॉफी घेऊन आले. "जेवण कसं झालं, आर्डिस? ऐकलं की यंदा गर्दी होती."

"बाकीची कणसं कुठायत?"

"कुठली?"

"हॉटडिशची. चारशे होती."

"अच्छा, ती!" त्यांचा चेहरा खुलला. "तेच तुम्हाला सांगायचं होतं. शुक्रवारी पाहुणे येणार म्हणून थोडी छान छान मांडायला घेतली. आणि बघतो तर काय, त्या ढिगात चाळीस कणसं अशी निघाली की जत्रेत ठेवावीत! मला खरंच वाटलं नव्हतं. पाहुणे तर खूश. तेव्हाच ठरवलं, आता इथून पुढं हीच. बी काढून घेतलं मी."

"आणि तीनशे साठ?"

"डेलमार घेऊन गेला शनिवारी. त्याच्या डुकरांना. वाया काही गेलं नाही."

"वाया गेलं नाही," आर्डिस म्हणाली. तिनं खुर्चीच्या पाठीला धरलं, आणि धरलेला हात मग उगाच पुसला.

"आर्डिस, तुम्ही त्रागा करू नका. पंचवीस वर्षं निवड करूनसुद्धा कणसं वाकडी, काणीची, अर्धी भरलेली. कुठंतरी छाटायला नको का?"

"दिसण्यावरून?"

"मग कशावरून? डोळ्यानंच पारखतो ना आपण."

"डॉक्टर ब्रेके प्रत्येकाचे वीस घ्यायचे. वाईटाचेही वीस. चौसष्ट घरं त्यात राहावीत म्हणून. तुमच्या चाळिसात किती घरं आहेत? दहा? बारा? ती एकसारखी दिसतात, कारण ती एकाच घरची आहेत! इथलीच जुनी, आपल्या आसपासच्या मक्याची. बाहेरची होती ती सगळी तुम्ही डुकरांना घातली."

व्हेलननी कप खाली ठेवला. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात त्यांनी ते शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण मखमलीवर कणसं मांडायला लागली की त्यांच्यातला जत्रेतला मुलगा जागा व्हायचा. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला, आणि तो उतरताना पाहून आर्डिसला आणखीच शिसारी आली. माहीत नसतं तर एक वेळ क्षमा केली असती.

"अहवाल गेला?" तिनं विचारलं.

"गुरुवारीच. म्हणजे... चारशे कणसांचं समान बी, असं लिहिलंय. संकर चारशेंचा झालाच होता ना?"

आर्डिसनं भिंतीवरचे रबरी बूट काढले, दोन बादल्या घेतल्या.

"कुठं निघालात?"

"डुकरांकडं. त्यांनी किती ठेवलीयत बघते."

डेलमार प्युट्झ हा केंद्राचा ट्रॅक्टर चालवायचा आणि घरी पन्नासेक डुकरं पाळायचा. तीन मैलांवर त्याचं शेत. आर्डिस त्याच्या अंगणात गाडीतून उतरली तेव्हा तो कुंपणाला टेकून सिगारेट ओढत होता.

"अगं आर्डिस! तू आणि इकडं? वाट चुकलीस का माशाच्या वासानं डोकं फिरलं?"

"शनिवारी आणलेली कणसं कुठं टाकलीस?"

"ती काय, तिथं." त्यानं वाड्याकडं हात केला. कुंपणाच्या आत चिखलावर पाल्याचा, पिशव्यांचा, कणसांचा ढीग पसरला होता आणि त्यात डुकरं नाकं खुपसून उभी होती. "का गं? डॉक्टर म्हणाले कचरा आहे."

"डुकरं बाहेर काढ."

"आता? खाताना? एवढ्या सगळ्या? लॉरेन मला फाडून खाईल." लॉरेन म्हणजे त्याची सगळ्यात मोठी डुकरीण. "काय हवंय तुला त्यात?"

"पिशवी टाचलेलं प्रत्येक कणीस. ज्याच्यावर निदान वीस दाणे शिल्लक आहेत असं."

डेलमारनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या पांढऱ्या स्वच्छ कॉलरकडं पाहिलं. "तू आत जाणार? तू? माझ्या घरचं पाणी पीत नाहीस तू, ग्लास घरून आणतेस."

"फाटक उघड, डेलमार."

त्यानं डुकरं शक्य तेवढी पलीकडं हाकलली; लॉरेन हलली नाही. आर्डिस आत गेली आणि घोट्यापर्यंत रुतली. चिखल म्हणायचं ते सभ्यपणानं. त्याला ऊब होती. बुटाच्या रबरातून ती ऊब पायाला लागत होती, आणि तीच तिला सगळ्यात सोसवेना. ती वाकली. पहिलं कणीस उचललं तर त्यावर डुकराची लाळ, घट्ट, दोरीसारखी लोंबणारी. "शी," ती म्हणाली, आणि पिशवीवरचा क्रमांक पुसून वाचला, आणि बादलीत टाकलं. दुसरं. तिसऱ्यावर सातच दाणे होते, ते सोडलं. हातमोजे पंधरा मिनिटांत आतून ओले झाले. त्या ओल्या बोटांनी क्रमांक पुसता येईना, म्हणून तिनं ते काढून फेकले.

"आर्डिस, मी येऊ का आत?" डेलमार कुंपणावरून म्हणाला. त्याचा आवाज आता थट्टेचा राहिला नव्हता.

"सिगारेट टाकून ये. आणि पायाखाली बघून चाल."

बादल्या भरल्या की गाडीत ओतत दोघं मिळून तीन तास वेचत होते. मध्ये एकदा ती कुंपणाच्या खांबाला धरून ओकली, रुमालानं तोंड पुसलं, रुमाल तिथंच टाकला आणि परत वाकली. डेलमारनं तिकडं न पाहण्याचा शहाणपणा दाखवला.

"काय गंमत आहे बघ," थोड्या वेळानं तो म्हणाला. "माझ्या पोरांनी पिठूळ पिठूळ सगळी खाल्ली. दात लागत नाही अशी टणक तेवढी ठेवलीयत. आणि ही काणीची."

आर्डिस थांबली. हातातलं कणीस तिनं फिरवून पाहिलं. टणक, तांबूस, बारीक दाण्याचं. खरंच होतं. डॉक्टरांनी देखणी निवडली, डुकरांनी मऊ निवडली. आता तिच्या बादलीत पडत होतं ते दोघांनीही टाकलेलं. दोन बाजूंनी हॉटडिश कुरतडला गेला होता, आणि मधली पिठूळ कणसं, ती डोंगरातली निळी, पांढरी, ती कुणाचीच राहिली नव्हती. कोणती गेली याची यादीसुद्धा करता येत नव्हती. पिशव्यांचे क्रमांक चिखलात विरघळत होते.

शेवटी एक कणीस उरलं. लॉरेन जिथं हटून उभी होती तिथंच, तिच्या मागल्या पायांशी, ताज्या घाणीत उभं रुतलेलं. पिशवीचा कोपरा दिसत होता. दाणे निळे होते, भरपूर होते. डुकरीण कुरकुरली आणि त्यावर आणखी घाण पडली, आर्डिसच्या डोळ्यांसमोर. आर्डिसनं हात पुढं केला. हात गेला नाही. तिनं पुन्हा केला. हात कोपरापासून मागं आला, जणू तो तिचा नव्हताच. तोवर लॉरेन वळली, आणि ते कणीस तिच्या जबड्यात कडाकडा वाजलं.

"जाऊ दे," डेलमार म्हणाला. "एकच तर होतं."

तिनं बादल्या उचलल्या आणि ती फाटकाकडं निघाली.

घरी तिनं ती कणसं पाण्यात घातली नाहीत, भिजली तर कोंब आले असते. जुन्या टॉवेलांनी एकेक पुसली, भट्टीच्या दारासमोर पसरली. ऑर्व्हिलनं दार उघडलं, वास घेतला, आणि तसाच उलट पावली कोठाराकडं गेला. रात्रीचं जेवण त्यानं शेजाऱ्याकडं घेतलं. तिनं स्वतःला दोनदा गरम पाण्यानं आणि कपड्यांच्या साबणानं घासलं. नखांतून वास जाईना. कपडे तिनं अंगणातल्या पिंपात जाळले. तरी झोपताना तिला वाटत होतं की वास येतोय तो डुकरांचा नाही. हात मागं घेतलेल्या एका बाईचा आहे.

पुढचे दोन दिवस ती केंद्रात मोजायला बसली. अंड्यांच्या खोक्याच्या खळग्यांत वीस-वीस दाणे. वाड्यातली एकशे एकाहत्तर कणसं निघाली. डॉक्टरांच्या पिशवीतले दाणे मिसळलेले, पण त्यातूनही तिनं चाळीस कणसांचे म्हणून आठशे काढून घेतले. चाळीस कणसांचं वजन जास्त होऊ द्यायचं नव्हतं. ती किती का देखणी असेनात. सगळं एकत्र केलं, लिफाफ्यात भरलं, आणि लिफाफ्यावर लिहिलं: कणसं २११.

व्हेलन दारात उभे होते. दोन दिवस ते तिच्या टेबलाकडं फिरकले नव्हते. लांबूनच, रुमाल नाकाला लावून, आत-बाहेर करत होते.

"आर्डिस, मी चुकलो," ते म्हणाले. "खरंच चुकलो. तुम्ही जे केलंत ते... मी विसरणार नाही. फक्त हा आकडा."

"काय झालं आकड्याला?"

"अहवालात चारशे आहेत. लोक हे बी मागवतील, चारशे समजून काम करतील. आता दोनशे अकरा म्हटलं तर प्रश्न येतील. का, कसे, कुणी. बी तर आता आहेच ना. आकड्यानं बियात काय फरक पडतो?"

"चारशे लिहिलं तर ते आणखी पातळ करायला कुणी घाबरणार नाही. अर्ध्याहून थोडंच उरलंय हे कळलं तर जपतील. एवढाच फरक पडतो."

"तुमचा स्वतःचा तरी विचार करा. पंचवीस वर्षांचं तुमचं काम आहे. लोक म्हणतील, बाई असताना असं कसं झालं?"

"म्हणू देत." तिनं लिफाफा त्यांच्याकडं सरकवला. "खरं तर दोनशे बारा व्हायला हवी होती, डॉक्टर. एक मला उचलवलं नाही. समोर होतं. निळं होतं. घाणीत होतं म्हणून हात मागं घेतला. बुटक्या-वाकड्यांना पंचवीस वर्षं पिशव्या घातल्या आणि शेवटी मीही तुमच्यासारखीच निवड केली. नाकानं."

व्हेलननी रुमाल खिशात ठेवला. तिनं एवढं सांगण्याऐवजी शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

"चारशे करायचे असतील तर करा," ती म्हणाली. "पेन तुमच्या खिशाला आहे. माझ्या हातून होणार नाही."

त्यांनी पेन काढलं. टोपण उघडलं. लिफाफ्यावरच्या आकड्याकडं बराच वेळ पाहिलं. लिफाफ्याला अजून वाड्याचा बारीक वास होता. त्यांच्या नाकपुड्या आवळल्या. मग त्यांनी टोपण लावलं, लिफाफा दोन बोटांत, कडेला धरून उचलला, आणि शीतगृहात स्वतः ठेवून आले. दुपारी त्यांच्या खोलीतून टाइपरायटरचा आवाज येत होता, थांबून थांबून. अहवालाची दुरुस्ती दुसऱ्या दिवशीच्या टपालानं गेली. त्यात कारण दिलं होतं 'काढणीनंतरचं नुकसान'. डुकरांचा उल्लेख नव्हता. आर्डिसनं ते वाचलं, नाक मुरडलं, पण आकडा बरोबर होता. कागद तिनं फायलीत लावला.

भिंतीवरची पदकं मात्र तिथंच राहिली.

ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी डेलमार तिच्या दारात आला. बूट बाहेर काढून, टोपी हातात घेऊन. तिच्या घरी यायचं म्हणजे तो सासरी आल्यासारखा वागायचा. त्याच्या काखेत पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"हे तुझ्यासाठी. धुरी दिलेली मांडी. लॉरेनच्या पोरांपैकी एकाची. त्या दिवशी तुला जे... म्हणजे माझ्या वाड्यात तुला ओकायला झालं, म्हणून. आमच्या बायकोनं स्वतः स्वच्छ करून दिलीय हं."

त्यानं कापड उघडलं. मांडी मोठी होती, तुकतुकीत, मधासारख्या रंगाची, चरबीवर सुरीनं सरळ चौकडी काढलेली आणि प्रत्येक चौकडीत एक लवंग. ओळी अगदी समान.

आर्डिस पाहत राहिली. ऑक्टोबरात त्या पोरानं काय खाल्लं होतं ते तिला माहीत होतं. पिठूळ, निळी, पांढरी. पंचवीस वर्षं थांबून फुलायला शिकलेली.

"काय झालं? आवडली नाही?"

"चांगली आहे, डेलमार. बायकोला सांग, फार छान केलीय." तिनं कापडाची टोकं पुन्हा नीट जुळवली, गाठ मारली, आणि हात ॲप्रनला पुसले. "पण ही मला नको. डॉक्टर व्हेलनना नेऊन दे."

"अख्खी?"

"अख्खी. त्यांचीच आहे ती." तिनं दार धरून ठेवलं. "आणि सांग त्यांना, आर्डिस म्हणाली, दिसायला फार सुंदर आहे."